कोसळण्याची रंगीत तालीम

"सर, तुम्ही आता कोसळलेले आहात. हात हलवू नका," व्यवस्थापक म्हणाला, आणि प्रशिक्षक मध्यरेषेजवळच्या गवतावर उताणा पडून राहिला. इतकी वर्षं तो या मैदानावर पोरींना पळवत आला होता, ओरडत आला होता, शिट्ट्या फुंकून गालफडं दुखवून घेत आला होता. पण इथे आडवा म्हणून कधी झाला नव्हता. आडवं झाल्यावर मैदान निराळंच निघालं. उभ्या माणसाला हिरवंगार दिसणारं गवत खालून अर्धंअधिक पिवळं होतं. मातीला कोमट, शिळा वास होता. एक मुंगी कानाच्या पाळीवर चढून पुढे जावं की मागे, याचा विचार करत थांबली होती, आणि तिला झटकायची सोय नव्हती, कारण कोसळलेला माणूस मुंगी झटकत नाही. वरून ऊन सरळ तोंडावर पडत होतं. त्याने डोळे मिटले. पापण्यांच्या आत तांबडं झालं आणि त्या तांबड्यात एकदम, काही कारण नसताना, जिभेखाली धरून ठेवलेल्या पाण्याची चव आली. पत्र्याच्या बादलीची, किंचित गंजलेली. इतकी स्पष्ट चव, आणि ती किती वर्षांनी यावी.

"छान. असंच," व्यवस्थापक म्हणाला. "सर अगदी नटसम्राटासारखे पडलेत, साहेब." कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. साहेब परवानगीच्या कार्यालयातून आले होते आणि त्यांना ऊन सोसत नव्हतं, एवढं त्यांच्या श्वासावरून कळत होतं. आजचा हा सगळा तमाशा त्यांच्यासाठी होता. मैदानावर खेळाडू कोसळला तर काय काय करायचं, त्याची रंगीत तालीम त्यांच्यासमोर नीट पार पडली, तर मुलींच्या फुटबॉलची मोठी स्पर्धा या मैदानावर होणार होती. नाही पडली तर दुसरीकडे. दुसरीकडे झाली तर त्याच्या पोरी जाणार कशा आणि पाठवणार कोण, हा प्रश्न कुणी विचारतही नव्हतं. घरच्या मैदानावर झाली तरच त्यांना खेळायला मिळणार, निवड करणारे लोक त्यांना बघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त ठाऊक होतं घारीला. घार म्हणजे कप्तान. हे नाव त्यानेच ठेवलं होतं. कारण ती चेंडूकडे धावत नसे, वरून झडप घालावी तशी यायची. आत्ता ती गोलपोस्टाशी बाकीच्या पोरींना घेऊन उभी होती आणि त्यांना दटावत होती, "दात काढू नका. साहेब बघतायत."

कोसळायचं काम त्याच्याकडे आलं, तेही काही सन्मानाने नाही. उन्हाळ्यात सराव पहाटे घ्या, मधे सावलीत बसवा, पाणी समोर ठेवा, मोठा टब आणि बर्फ तयार ठेवा, गाडी आत येण्याचं फाटक उघडं ठेवा, हे तो ज्याला त्याला सांगत सुटायचा. व्यवस्थापकाने ऐकून ऐकून शेवटी एक टब आणला. मोठा, निळा, दणकट टब. उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या, आणि आठवड्याभरात त्या टबात कुंड्या आल्या. तो भांडला, तेव्हा व्यवस्थापक गोड हसून म्हणाला होता, "सर, अहो, रोज का कोणी कोसळतंय? नाकापेक्षा मोती जड करू नका." आणि काल तोच म्हणाला, "तुमचाच लाडका विषय ना? मग तुम्हीच पडा की." आज टब धुऊन पुसून आणलेला होता. त्यात बर्फाच्या लाद्या होत्या. आणि मोठं फाटक सताड उघडं होतं, ज्याला एरवी हे भलंमोठं कुलूप असतं आणि किल्ली असते कार्यालयातल्या कारकुनाकडे, जो पोरींचा सराव सुरू व्हायच्या आत घरी जाऊन चप्पल काढून बसलेला असतो. हेही एकवेळ चाललं असतं. पण येताना त्याने पाहिलं होतं की अ‍ॅम्ब्युलन्स आधीच आत आणून प्रेक्षक-गॅलरीच्या मागे लपवून ठेवली आहे आणि चालक पाय वर करून पेपर वाचतोय. वरातीमागून घोडं असतं हे त्याला माहीत होतं. इथे घोडं आधीच मांडवात बांधून ठेवलं होतं आणि वरात निघणार होती.

सकाळी दादाला सांगितलं तर दादा हसून हसून खोकला. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्याच्याच घरात राहतो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. बोलतो तेव्हा शब्द लांबतात, पाझरतात. चालतो तेव्हा होडीत उभं राहिल्यासारखा, भिंतीला हात लावत. कपात चहा अर्धाच ओततात, म्हणजे हात कापला तरी सांडत नाही. "तू पडणार? बारक्या, तुला पडता येतं का रे? घरातला नट मी," दादा म्हणाला. म्हणजे म्हणाला असं लिहायचं. ते वाक्य पुरं व्हायला चहा निवतो. "पडताना गुडघे आधी दुमडायचे. मग खांदा. तोंडावर पडला की लोकांना खरं वाटतं." त्याने विचारलं, "तू तोंडावर पडला होतास?" दादाने बराच वेळ आठवून पाहिलं. "कुणास ठाऊक," तो म्हणाला. "मी कुठे बघत होतो?" आणि पुन्हा हसला. त्या हसण्यावर धाकट्याच्या बायकोने वाटी आपटल्यासारखी ठेवली. तिला दोघा भावांचं हे हसणं कधीच सोसलं नाही.

दोघं भाऊ एकाच संघात खेळायचे तेव्हा दादा कप्तान होता. मैदान हे नव्हतं. शहराच्या टोकाला, विटांच्या भिंतीमागे, चढउताराचं, गवत म्हणावं असं गवत नसलेलं. मास्तर होते. मास्तरांचा एक नियम होता आणि तो देवाच्या नियमाहून मोठा होता: सरावात पाणी प्यायचं नाही. पाण्याने पोट जड होतं, पाय मऊ होतात, मन मऊ होतं. पण मास्तर काही कसाई नव्हते. अर्ध्या खेळात झाडाखाली पत्र्याची बादली यायची, एकच डबडं यायचं, आणि रांगेने प्रत्येकाने एक घोट तोंडात घ्यायचा, खुळखुळवायचा आणि रेषेबाहेर थुंकायचा. गिळायचं नाही. मास्तर पाण्याकडे बघत नसत. ते गळ्याकडे बघत. गळ्याची घाटी वरखाली झाली की बोट दाखवत, आणि त्या पोराने मैदानाला फेऱ्या घालायच्या. पोरं तरबेज झाली होती. घोट जिभेखाली दाबून धरायचा, गालात फिरवायचा, टाळूला लावायचा, त्याची गार चव हिरड्यांत मुरू द्यायची, आणि मग जमेल तितक्या लांब थुंकायचं. कुणाची धार लांब जाते त्यावर पैजा लागायच्या. दादा तोंडात पाणी धरून बोलायचा. बेडकासारखे गाल फुगवून मास्तरांची नक्कल करायचा, आणि हसता हसता बाकीच्यांच्या नाकातून पाणी यायचं. हसणाऱ्याचं पाणी चुकून आत गेलं की तो पळायला लागायचा आणि दादा त्याच्याबरोबर पळायचा, शिक्षा नसताना, नुसताच सोबत म्हणून. सराव संपला की घरी पळत जाऊन माठाला तोंड लावायचं. आई म्हणायची, "माणसासारखं प्या रे, म्हशी कुठल्या." त्या पाण्यासारखं पाणी पुन्हा आयुष्यात मिळालं नाही. त्या तहानेसारखी गोड गोष्टही नाही. आणि याचीच त्याला चीड होती. ज्या गोष्टीच्या नावाने थुंकावं तिच्याच आठवणीने तोंडाला पाणी सुटतं. असलं कसलं हे मन, नासक्या दुधावरही साय धरणारं.

"पेशंट प्रतिसाद देत नाही," कुणीतरी पाठ केल्यासारखं ओरडलं. पळत येणारे बूट ऐकू आले. जमिनीला डोकं टेकलेलं असलं की बूट ऐकायला येत नाहीत, ते डोक्यातच पडतात. कुणी खांदा हलवला. कुणी म्हटलं, "सर, सर, ऐकू येतंय का?" आणि लगेच हळूच, "सॉरी सर." त्याच्यावर सावली धरली गेली. पायातले बूट काढले गेले. एक मोजा फाटका होता. त्याची आता त्याला लाज वाटली. टबातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या टॉवेलांनी मान, काखा, मांड्या गार झाल्या आणि अंगभर शहारा आला. बरोबर, तो मनात म्हणाला. बरोबर करतायत. पोरींना हे त्यानेच शिकवलं होतं, आणि त्या घोकल्याप्रमाणे नाही तर खरंच करत होत्या. उन्हाने कोसळलेल्याला आधी गार करा, मग हलवा. एवढंच. एवढ्याशा गोष्टीत माणसाचं सगळं आयुष्य मावतं, आणि दादा पडला तेव्हा मैदानावर उभ्या असलेल्या इतक्या जणांत ते एकालाही माहीत नसावं.

त्या दिवशी असंच ऊन होतं, पण वारा मेलेला. अटीतटीचा सामना. दादाने चेंडू घेतला आणि उलट्या दिशेने निघाला. आपल्याच गोलकडे. आपल्याच पोरांना हुलकावण्या देत, पाय वाकडे टाकत. अख्खं मैदान हसायला लागलं. दादा विदूषकच होता, असली सोंगं तो नेहमी करायचा, आणि हे तर त्याचं सगळ्यांत झकास सोंग. आपल्याच गोलकीपरला चकवून त्याने चेंडू आपल्याच जाळीत मारला आणि दोन्ही हात वर केले. लोक टाळ्या वाजवत होते. मास्तरसुद्धा चिडून हसत होते. दादाने काहीतरी म्हटलं, ते कुणाला कळलं नाही, आणि तो पडला. पडल्यावरही लोक हसले. मग तो थरथरायला लागला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि माणूस थंडीने कापावा तसा कापतोय, हे बघून मास्तर म्हणाले, "हुडहुडी भरलीय, झाका त्याला." आणि सगळ्यांनी आपापले सदरे काढले, कुणी कोट आणला, कुणी घोंगडं आणलं, त्यानेही आपला सदरा काढून वर घातला. माया म्हणून. दहा पोरांची माया त्या पेटलेल्या देहावर रचली गेली. भाजी नेणारा टेम्पो मिळेस्तोवर ती तशीच होती. बादली झाडाखाली भरलेली होती. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

दादा जगला. जो जगला तो दादाच होता, पण त्याचे पाय, जीभ, हात कुणा दुसऱ्याचे होते. ठरलेलं लग्न मोडलं. मास्तर रोज दवाखान्यात यायचे, कोपऱ्यात उभे राहायचे आणि न बोलता जायचे. नंतर ते गेलेही. त्यांना शिव्या घालाव्यात असं धाकट्याला फार वाटायचं आणि शिवी तोंडात येईपर्यंत त्यांचा चेहरा समोर यायचा. ते खोटे नव्हते. त्यांना त्यांच्या मास्तरांनी तसंच शिकवलं होतं. निर्मळ मनाने माणूस माणसाला मारू शकतो, हे कळायला तो फार लहान होता, आणि कळल्यावर फार म्हातारा झाला. जुन्या संघाची मंडळी अजून जमतात. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली. समोर थंडगार पेले घेऊन एकमेकांना सांगतात, "आपण पाण्याला शिवत नव्हतो रे. आत्ताची पोरं म्हणजे लोण्याचे गोळे." आणि दादा त्यांच्यातच बसलेला असतो, मान डोलत, पेला दोन्ही हातांनी धरून. मागच्या खेपेला त्याने बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि मग एकेक शब्द ओढून ओढून, अभिमानाने, म्हणाला, "मी... त्या दिवशी पण... नाही गिळलं." सगळ्यांनी टेबलावर हात आपटून वाहवा केली. कुणाच्या डोळ्यांत पाणीही आलं. आणि शेजारी बसलेल्या धाकट्याला वाटलं, उठावं आणि एकेकाच्या तोंडात बादली ओतावी. पण उठला नाही. कारण त्याच क्षणी त्यालाही तोंडात ती चव आली होती, आणि ती चव गोड होती.

सायरन वाजला. प्रेक्षक-गॅलरीमागून निघालेली गाडी दोन वळणं घेऊन त्याच्या डोक्याशी येऊन थांबली. स्ट्रेचर खाली आलं. "उत्तम," व्यवस्थापक म्हणाला. "साहेब, बघितलंत ना? डोळ्याचं पातं लवेस्तोवर गाडी हजर. चला सर, उठा आता. चहा घेऊ." टाळ्या पडल्या. पोरी किंचाळल्या, घारीचा आवाज त्यात सगळ्यांत वर होता. तो उठला नाही. का उठला नाही, हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. ठरवून केलेलं काही नव्हतं. अंग उठायला तयार होतं, गुडघाही तयार होता. पण टाळ्या वाजल्या आणि अंगाने नकार दिला.

"सर?" व्यवस्थापक वाकला. "झालं. उठा."

"गाडी आलेली नाही अजून," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"ही काय, तुमच्या उशाशी उभी आहे."

"ही इथेच होती. बाहेरून येऊ दे. सरावाच्या वेळी फाटक जसं असतं तसं ठेवून."

व्यवस्थापक साहेबांकडे बघून हसला असावा, कारण आवाजात तूप आलं. "सर भूमिकेत शिरलेत." मग कानाशी येऊन, दात न उघडता म्हणाला, "उठ की म्हाताऱ्या. कुणाचं वाटोळं करतोयस, कळतंय का?" त्याला कळत होतं. ते तर फाटकापेक्षा स्पष्ट दिसत होतं. पोरी जवळ आल्या होत्या. घार त्याच्या शेजारी उकिडवी बसली. तिच्या श्वासाला अजून आनंदाची धाप होती आणि ती ओसरत चालली होती.

"सर, उठा ना. मिळालीय परवानगी. आता कशाला?"

"एरवी कुलूप असतं, घारे."

"असू दे की. पडली कोणी तर आम्ही नेऊ खांद्यावर भिंतीवरून. आम्हाला काही होत नाही, सर. आम्ही काय लोण्याच्या आहोत?" तिला ते वाक्य कुठून मिळालं असेल, त्याने तर कधी म्हटलं नव्हतं. पण आवाज ओळखीचा होता. तो त्या बादलीभोवतीच्या रांगेतला आवाज होता, वाळलेल्या ओठांचा, ऐटबाज. जगातल्या सगळ्यांत सुंदर मूर्खांचा. तिच्या वयाचा असता आणि कुणी बुढ्ढा असा आडवा येता, तर त्याने स्वतः त्याला पायाने ढकलून बाजूला केलं असतं. तिच्यावर त्याचा जीव होता तो याच आवाजासाठी, आणि आत्ता हाच आवाज मोडायला तो इथे पडला होता.

"नाही उठणार," तो म्हणाला.

साहेब दोन पावलं पुढे आले. ते कपाळ पुसत म्हणाले, "कुलपाचं काय म्हणताय तुम्ही?" साहेबांनी फाटकाकडे पाहिलं. "मग तसंच करून बघू या. गाडी बाहेर न्या. एरवी असतं तसं करा." व्यवस्थापक म्हणाला, "साहेब, ऊन किती आहे." साहेब म्हणाले, "ऊन आहे म्हणूनच." ते काही फार मोठे माणूस नव्हते, त्यांना लवकर सावलीत जायचं होतं आणि सरळ मार्ग त्यातल्या त्यात जवळचा वाटला, इतकंच.

गाडी गेली. फाटकाचा लोखंडी कर्रर्र आवाज झाला, कुलूप अडकलं. त्याने ते पाठीतून ऐकलं. मग दूर रस्त्यावरून सायरन आला, वाढला, भिंतीपलीकडे येऊन थांबला. वाजत राहिला. फाटक हललं, आपटलं गेलं. रखवालदार ओरडला की किल्ली कारकुनाकडे आहे. कारकून तर मघाशीच निघून गेला होता, त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, कारण त्याचं काम झालं होतं. कुणी फोन लावला, तो उचलला गेला नाही. सायरन भिंतीच्या कडेकडेने लांब गेला, मागच्या बाजूला आला, तिथल्या छोट्या दारातून गाडी जाणार नव्हती हे चालकाला तिथे गेल्यावर समजलं, आणि सायरन पुन्हा पुढे आला. पोरी आधी कुजबुजत होत्या. मग एकेक आवाज गळत गेला. टॉवेल अंगावर गरम झाले होते. घामाच्या धारा कानात जात होत्या आणि तो विचार करत होता की दादाला त्या वेळी हे सगळं ऐकू येत असेल का, हसणं, माणसांचे पाय, सदरे काढल्याचा सळसळाट.

शेवटी साहेबांचाच आवाज आला, थकलेला, वाईट वाटल्यासारखा. "या खेपेला नाही जमणार. पुढच्या वेळी बघू." व्यवस्थापकाने काही म्हणायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाले, "राहू दे हो. मी पण पाहिलं ना." बूट दूर गेले. पोरी निघाल्या, कुणी रडत होती, कुणीतरी बाटली जोरात फेकली, ती गोलपोस्टावर आपटली. एकीने स्पष्ट म्हटलं, "म्हाताऱ्याने घात केला." त्याला उठवायला कुणी आलं नाही. त्यात चूक काही नव्हती. उठावं असं त्याला आता वाटत होतं, पण गुडघा आखडला होता आणि मातीने पाठ धरून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर उठून कुणाकडे बघायचं हे त्याला कळत नव्हतं. त्याने बरोबर केलं होतं. बरोबर केल्यावर माणसाला जसं वाटतं म्हणून सांगतात, तसं काही वाटत नव्हतं. पोरींचं एक वर्ष गेलं. त्यांच्या वयातलं वर्ष म्हणजे काय असतं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक.

तो तसाच पडून राहिला. ऊन कलायला लागलं. मग गवत चुरडत कुणीतरी आलं आणि उभं राहिलं.

"सर," घार म्हणाली. आवाज दगडासारखा होता. "उठा. सगळे गेले."

त्याला बोलायचं होतं. पण घसा असा कोरडा पडला होता की आवाज फुटला नाही, आणि डोळे उघडले तर तिचं तोंड दिसेल म्हणून ते त्याने उघडले नाहीत.

"सर, नाटक पुरे."

आणि मग तिचा आवाज बदलला. "सर?" ती धपकन गुडघ्यांवर बसली. तिने त्याचा हात उचलला. तिची बोटं घामाने निसटत होती, मनगटावर इकडे तिकडे नाडी शोधत होती आणि सापडत नव्हती, कारण ती भलत्याच बाजूला, करंगळीकडे शोधत होती. त्याने डोळे न उघडता दुसऱ्या हाताने तिची बोटं धरली आणि सरकवून अंगठ्याच्या मुळाशी नेऊन ठेवली.

"इथे," तो म्हणाला.

तिने हात झिडकारला नाही. तिच्या नाकाचं सुरसुरणं ऐकू येत होतं.

"लागतेय का?" त्याने विचारलं.

"मोजतेय," ती रागाने म्हणाली. "गप्प पडून राहा."